गुळणीपुरतं पाणी

मोहना गाव सोडून आमची लॉरी दोनेक मैल गेली असेल, तेव्हा श्रीपती समोरून येताना दिसला. शिवपुरी पुढं होती, शर्यत पुढं चालली होती, आणि आमचा श्रीपती सायकल फिरवून मागं ग्वाल्हेरकडं निघाला होता. सावकाश पायडल मारत होता. हसत होता.

वस्तादांनी लॉरीच्या फळीवर हात आपटला. "अरं ए! कुठं चाललास?"

"घरी," श्रीपती म्हणाला. "आई जेवायला हाक मारतीया."

त्याची आई मिरजेत होती. मग हँडल आपसूक वळलं आणि तो लॉरीच्या पुढ्यात आडवा झाला. ड्रायव्हरनं कशीबशी गाडी थांबवली.

मी उतरले आणि त्याच्या मांडीवर हात ठेवला. सात वर्षं मी या मांड्या चोळत होते. शर्यतीत त्या नेहमी ओल्याचिंब असायच्या. आज घामाचा एक थेंब नव्हता. तापल्या तव्यासारखा चटका बसला. पहाटे चोळलेलं तेल तसंच वर होतं आणि त्यावर तांबडी धूळ बसली होती.

पुढून गणू परत आला. तो आमचा दुसरा गडी. त्यानं सायकल रस्त्यावर टाकली, आपली बाटली काढली आणि उरलंसुरलं पाणी श्रीपतीच्या डोक्यावर ओतलं. तो रडत नव्हता, शिव्या देत होता.

मिरजेहून

हे मी मिरजेला परत आल्यावर लिहिते आहे. घरी येणाऱ्या बायका विचारतात, ग्वाल्हेर कसं आहे, किल्ला पाहिलास का, तिकडं म्हणे आपलेच लोक राहतात. एकेकीला सांगून मी थकले, म्हणून एकदाच लिहून ठेवते. माझं नाव लिहीत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली आहे, तेवढ्यात बसेल तसं लिहीन.

माझा नवरा पैलवान होता. त्याचं अंग रगडता रगडता मला मालिश आली. तो गेल्यावर बाळंतिणी आणि त्यांची पोरं चोळून मी पोट भरलं. त्याच्या तालमीतले एक जोडीदार कुस्ती सुटल्यावर सायकलच्या धंद्यात पडले. त्यांचं दुकान आहे आणि शर्यतीसाठी त्यांनी पगारी गडी ठेवले आहेत. गाव त्यांना वस्ताद म्हणतं. ते मला म्हणाले, "वैनी, पैलवानाची मांडी आन सायकलवाल्याची मांडी एकच. तुम्ही चला." मी गेले. पुणं, बेळगाव, हुबळी, सोलापूर. गावं मी मांड्यांवरून ओळखते. बेळगावला चिखल, पुण्याला खडी, सोलापूरला काटे.

लोक शर्यतीत निशाण बघतात आणि हार बघतात. मी बघते ती सीटनं सोललेली जांघ. त्यात लोणी भरायचं, वर मऊ फडकं घालायचं, गळू झालं असेल तर पोटीस बांधून दुसऱ्या दिवशी गड्याला पुन्हा त्याच सीटवर बसवायचं. एकदा एकाला उभ्यानं चाळीस मैल जाताना मी पाहिलं आहे. त्याचा फोटो पेपरात आला. त्यात तो हसतो आहे.

आमचे गडी दोन. श्रीपती तेवीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. गणू त्याच्याहून मोठा, बुटका, तोंड सारखं चालू. श्रीपती 'मागचा' आणि गणू 'पुढचा'. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. सायकलवाल्याचा खरा वैरी वारा. पुढचा तो वारा छातीवर घेतो आणि मागचा त्याच्या चाकाला चाक लावून आडोशानं येतो. शेवटचे दोन-तीन मैल उरले की पुढचा बाजूला होतो, मागचा ताज्या पायांनी सुटतो आणि जिंकतो. हार मागच्याला. पुढच्याचं नाव कुणी विचारत नाही. जास्तीचे टायर, पंप, पाण्याची बाटली हे ओझंही पुढच्याच्याच सायकलवर. श्रीपतीच्या सायकलची तर बाटली अडकवायची कडीसुद्धा वस्तादांनी कापून टाकली होती. वजन नको.

आणि बाटली लागत नव्हतीच. वस्तादांचा नियम तालमीतला. शर्यतीआधी दोन दिवस गड्याला सुकवायचं, म्हणजे दिवसाला दोन पेले पाणी. शर्यतीत फक्त गुळणी. पाणी तोंडात घ्यायचं, खळखळवायचं आणि थुंकून टाकायचं. गिळलं की पाय जड. माझा नवरा कुस्तीआधी असाच सुकायचा, त्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही. रस्त्याच्या कडेला गुळणीचं भांडं घेऊन उभं राहायचं काम माझं. गणूला हा नियम नव्हता. तो काय जिंकायचा होता थोडाच.

शर्यत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून शिवपुरीपर्यंत, सत्तर मैल. उन्हाळ्यात दरबारची मंडळी शिवपुरीला राहायला जातात. त्यांच्यासमोर शर्यत संपावी म्हणून ती ऐन वैशाखात ठेवली होती. जिंकेल त्याला संस्थानात कायमची नोकरी मिळणार होती. श्रीपती त्या नोकरीसाठी आला. गाडीत मला म्हणाला, "मावशी, ही शेवटची. ह्याच्यापुढं खुर्चीवर बसायचं, सीटवर न्हाई."

गाडीचं काही लिहीत नाही. बसलो आणि उतरलो.

शिंदे की छावनी

ग्वाल्हेर म्हणजे एक गाव नव्हे. वर किल्ला, एका अंगाला जुनं गाव, आणि आपले लोक राहतात ते लष्कर. आम्ही उतरलो शिंदे की छावनीत, एका सुभेदाराच्या विधवेकडं. वस्तादांच्या कुणा ओळखीच्याची ती मावसबहीण. त्यांना सगळे सुभेदारीणबाई म्हणत. त्यांचे खापरपणजे फौजेबरोबर साताऱ्याकडून गेले, ते तिथंच राहिले. बाईंनी सातारा पाहिला नाही. पण देवघरात जेजुरीचा टाक आहे आणि दारात तुळस आहे.

घरं सगळी दगडाची. भिंत दगडाची, छत दगडाच्या लांब फरश्यांचं, माडीचा जिनाही दगडाचा. दुपारी चारला भिंतीला पाठ टेकली तर पोळते. दाराला वाळ्याचे पडदे लावून बाई दर तासाला त्यांवर पाणी मारत. वास चांगला येतो. आपल्याकडं एवढं पाणी पडद्यावर कुणी ओतणार नाही.

बाईंचं मराठी ऐकून गणूला पहिल्या दिवशी हसू आवरेना. बाई म्हणाल्या, "बसून जा, बसून जा. पेहले पाणी पिऊन घ्या, मग हातपाय धुवून घ्या. मी पोळ्या शेकून राहिली आहे."

गणू माझ्या कानात म्हणाला, "मावशी, पोळ्यांना ताप आलाय व्हय? शेकायला लागल्यात."

बाईंनी ऐकलं. "हस रे, हस. तुझं मराठी ऐकून आमची कबुतरं उडून जातात ते नाही दिसत तुला?" त्यानंतर त्या दोघांचं चांगलं जमलं.

जेवण आपल्यासारखं आणि नाही. वरणात गूळ असतो, पण फोडणी हिंगाची आणि झणझणीत. भात थोडा, पोळी जास्त. मी ज्वारीची भाकरी मागितली. बाई म्हणाल्या, "ज्वार? ती तर आम्ही गाईला घालतो, बाई." मी म्हटलं, मग मला गाईच्या शेजारी पान वाढा. दुसऱ्या दिवशी त्यांनी माधवगंजातून पीठ आणवलं. भाकऱ्या मीच थापल्या. चुलीपुढं घामानं चिंब झाले, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच तो घाम वाळून गेला. आपल्याकडं उन्हाळ्यात माणूस भिजतो. तिथं वाळतो. हे मी त्या दिवशी पाहिलं आणि सोडून दिलं.

पन्हंही निराळं. आपण चैत्रगौरीला करतो ते गोड, वेलदोडा घालून. तिथलं खारट. कैरी निखाऱ्यात भाजायची, गर काढायचा, त्यात सैंधव, भाजलेलं जिरं, पुदिना. पहिला घोट मला औषधासारखा लागला. चौथ्या दिवशी मी मागून प्याले.

सुभेदारीणबाई श्रीपतीलाही पेला घेऊन गेल्या. त्यानं हात जोडले. "नको आई. मला बंद हाय."

"बंद? पाणी बंद? काय आजार आहे याला?"

"आजार नव्हं, नेम हाय," वस्ताद म्हणाले. "सुकवतोय त्याला. पोटात पाणी म्हंजे पायात शिसं."

बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वस्ताद, तुम्ही दक्खनचे लोक. लू काय चीज आहे तुम्हाला मालूमच नाही. इथं घरातून निघायचं तर पाणी पिऊन निघायचं आणि खिशात कांदा ठेवायचा. लहान पोराला पण समजतं."

"कांदा ठेवतो की," वस्ताद म्हणाले. "कांद्याला वजन किती असतंय?"

आणि त्यांनी खरंच श्रीपतीच्या खिशाला कांदा शिवायला सांगितला. मी शिवला.

सराफा

शर्यतीला दोन दिवस असताना गणूला घेऊन मी बाजारात गेले. श्रीपतीला उन्हात जायची बंदी होती. सराफ्यातली दुकानं बघत गेलो. हे लोक सकाळी सातला कचोरी आणि जिलबी खातात आणि वर तिखट रस्सा पितात. आपल्याकडं एवढं तेल दिवाळीत निघतं.

कचोरीवाल्यानं गणूचे पाय बघून विचारलं, "पहलवान हो क्या?"

"साइकिलवाला हूँ," गणू म्हणाला. "परसों शिवपुरी जाता है हम लोग."

"तो तुम जीतोगे?"

"मैं नहीं. मैं आगेवाला हूँ. पीछेवाला जीतेगा."

कचोरीवाल्याचा झारा थांबला. "यह कैसी दौड़ है भाई, जिसमें पीछेवाला जीतता है!" त्यानं शेजारच्या दुकानदाराला ते ओरडून सांगितलं, शेजारच्यानं पलीकडच्याला. आम्ही निघेपर्यंत अख्खी ओळ हसत होती. गणूला दोन कचोऱ्या फुकट मिळाल्या. त्यानं त्या तिथंच खाल्ल्या, माझ्या वाटणीच्याही खाल्ल्या आणि वरून तांब्याभर पाणी घटाघटा प्याला.

घरी आलो तर वस्ताद चिडलेले. उन्हानं टायरांचा डिंक पातळ झाला होता आणि एक टायर चाकावरून सुटून आला होता. शर्यतीचे टायर डिंकानं चिकटवलेले असतात. ते सुटले तर वळणावर माणूस मरतो. वस्तादांनी उपाय काढला. गोणपाटं भिजवून चाकांना गुंडाळली आणि चाकं माठाशेजारी सावलीत टांगली. तासातासाला कुणीतरी तांब्यानं पाणी शिंपडायचं. ते काम आलं श्रीपतीकडं, कारण तो घरात बसून होता.

त्याचे ओठ फुटले होते. तो तांब्या घेऊन चाकांना पाणी घालत होता आणि खाली सांडलेल्या पाण्याकडं बघत होता.

गणू खाटेवरून म्हणाला, "मावशी, पुढच्या जन्मी आपण टायर व्हायचं. वस्ताद पाणी तरी पाजत्याल."

श्रीपती हसला. हसताना ओठातून रक्त आलं. वस्तादही हसले. मीसुद्धा हसले.

आदला दिवस

संध्याकाळी मी श्रीपतीला चोळायला घेतलं. दोन तास त्याला लागत. गणूला, तेल उरलं तर. श्रीपतीची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मी बाळं चोळणारी बाई. जुलाब झालेल्या पोराची कातडी अशी होते, ते मला माहीत होतं. मी त्याला विचारलं, लघवीला कधी गेला होतास. म्हणाला, सकाळी एकदा. रंग कसला? म्हणाला, चहासारखा.

मी अंगणात जाऊन वस्तादांना सांगितलं. "भाऊजी, माझा नवरा सुकायचा तो घटका-दीड घटकेच्या कुस्तीला. हा सहा तास उन्हात असणार. आणि इथं घाम अंगावर टिकत नाही. एक तांब्या पाणी द्या त्याला."

वस्ताद चाक फिरवून बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. "वैनी, ही संधी पुन्हा न्हाई. पोराची नोकरी हाय. आज पाणी पाजायचं आन उद्या त्यानं शेवटच्या दोन मैलांत हरायचं? तुम्ही मालिश बघा."

मी मालिश बघितली. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. वस्ताद वाईट माणूस नाही. त्या दोन दिवसांत त्यांनी स्वतःही पाणी तोडलं होतं, श्रीपतीला एकट्याला जड जाऊ नये म्हणून. हे मला नंतर कळलं.

शिवपुरीचा रस्ता

निशाण पहाटे पाचला पडायचं होतं. म्हणून चारला उठून मी दोघांना तयार केलं, जांघेत लोणी भरलं, श्रीपतीला तेल लावलं. निघताना सुभेदारीणबाईंनी माझ्याकडं पन्ह्याच्या दोन मोठ्या बाटल्या दिल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. वस्तादांना दिसेल असं दिल्या. "ही गणूसाठी," त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "बाई, त्या दुसऱ्याला पण पाजून द्या. कोण बघतं?"

ज्यांच्या हातून निशाण हलायचं होतं ते पाहुणे पाचला आले नाहीत. सहाला नाही, सातला नाही. बाड्यापाशी, म्हणजे लष्करच्या मुख्य चौकात, दहा-बारा सायकलवाले आणि त्यांची माणसं फुटपाथवर बसून होती. बँड दोनदा वाजून गप्प झाला. आठ वाजून गेल्यावर पाहुणे आले, भाषण झालं, हार झाले आणि निशाण पडलं. तोवर फरशी तापली होती.

आम्हा माणसांना एक लॉरी दिली होती. ती सायकलवाल्यांना ओलांडून पुढं जायची, गाव आलं की थांबायची, आम्ही पाण्याची भांडी घेऊन कडेला उभं राहायचो, ते गेले की पुन्हा चढायचो. पनिहारला पहिला थांबा. रस्ता डोंगरातून चढतो. डोंगर तांबडे, झाडं खैराची आणि धावड्याची, पान नाही. वारा समोरून येत होता. भट्टीचं तोंड उघडल्यावर येते तशी झळ, तीच लागून वाहत होती. तिला ते लू म्हणतात. मी पदर तोंडावर घेतला होता, तरी डोळे जळत होते.

पनिहारला श्रीपती आणि गणू चौथे-पाचवे होते. गणूनं हात करून आरोळी दिली. श्रीपतीनं गुळणी घेतली आणि थुंकली. छान दिसत होता.

घाटीगावला ते दुसरे-तिसरे होते. गणू थांबला, पन्ह्याची एक बाटली उभ्यानं संपवली, आपल्या बाटलीत पाणी भरून घेतलं. थांबल्याबद्दल वस्तादांनी त्याला शिवी दिली. श्रीपतीनं गुळणी घेतली. तोंडात जरा जास्त वेळ धरली. मग थुंकली.

पुढं काय झालं ते गणूनं मला मागाहून सांगितलं. घाटीगाव सोडल्यावर त्यानं आपली बाटली खांद्यावरून मागं धरली होती. दोनदा. श्रीपती म्हणाला, "वस्ताद बघत्याल." लॉरी मैलभर मागं होती.

मोहन्याला ते पहिले आले. लोक ओरडत होते. दुसरा कुणी नजरेत नव्हता. वस्ताद नाचायचेच बाकी होते. "वैनी, आलं आपलं पाखरू! आता फक्त धरून ठेवायचं!"

गणूनं दुसरी बाटली माझ्या हातातून घेतली आणि जाता जाता प्याला. श्रीपती माझ्यापाशी येऊन थांबला. तो कधीच थांबत नसे. पाय जमिनीला टेकवले. मी भांडं दिलं. त्यानं तोंड भरून घेतलं आणि गाल फुगवून माझ्याकडं बघत राहिला. बोलता येत नव्हतं. बोटानं गळ्याकडं खूण केली. गिळू?

मी वस्तादांकडं बघितलं. ते मान हलवत होते. नको, नको.

मी म्हटलं, "थुंक."

तो थुंकला. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. मग तो सायकलवर बसला आणि गणूच्या मागं गेला.

त्यानंतर दोन मैलांवर तो आम्हाला उलटा येताना दिसला. गणू म्हणाला, मी सवयीनं मागं बघितलं तर चाकामागं कुणी नाही. मग तो वळला. पुढं मोकळा रस्ता होता आणि तो पहिला होता. पण आयुष्यात त्याला कुणी जिंकायला सांगितलं नव्हतं. त्याच्या मनातही आलं नाही.

शिवपुरी

लॉरीतल्या इतर माणसांनी श्रीपतीला वर घ्यायला हात दिला. त्यांचे गडी मागून येत होते, त्यांच्याकडं बघायचं सोडून त्यांनी लॉरी थेट शिवपुरीला पळवायला लावली. हे मी विसरत नाही. वाटेत सगळ्यांनी आपापली भांडी त्याच्या अंगावर ओतली. तोंडात घातलेलं पाणी आता आत जात नव्हतं, कोपऱ्यातून बाहेर येत होतं.

दवाखान्यातले डॉक्टर लष्करचेच, मराठी. त्यांनी काखेत ताप बघायची नळी लावली, बघितली, पुन्हा लावली. बर्फ मागवला. मग विचारलं, "पाणी किती प्यायला होता हा?"

वस्ताद ताठ उभे होते. सवयीनं अभिमानानं म्हणाले, "एक घोटसुद्धा न्हाई, साहेब."

डॉक्टरांना कळलं नाही. "म्हणजे? मिळालं नाही का?"

"मिळालं की. थुंकलं त्यानं. तीन दिवस सुकवलाय."

डॉक्टरांनी वस्तादांकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या हातात अजून गुळणीचं भांडं होतं. वस्ताद भिंतीला पाठ लावून खाली बसले.

पहिला दिवस तो बडबडत होता. आम्ही बर्फाचं पाणी अंगावर घालत होतो आणि मी हातपाय चोळत होते. गणू दाराशी बसून होता. मधूनच उठून माठाचं पाणी प्यायचा. मग त्याची त्यालाच लाज वाटायची आणि तो पुन्हा येऊन बसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीपती शुद्धीवर आला. मला ओळखलं. म्हणाला, "मावशी, कितवा आलो?"

मी सांगितलं, मोहन्यापर्यंत पहिला.

त्याला ते पुरलं की नाही ते मला सांगता येत नाही. त्यानं पाणी मागितलं. मी पेला ओठाला लावला. त्यानं तोंडात घेतलं, माझ्याकडं बघितलं आणि उशीवर थुंकलं.

मी म्हटलं, "गीळ रं. गीळ आता."

दुसरा घोट त्यानं गिळला. तिसराही. पेला संपवला. पण लघवी होत नव्हती. डॉक्टर म्हणाले, पाणी आता पोचत नाही, उशीर झाला. अंग सुजायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

अग्नी वस्तादांनी दिला. शर्यत कुणी जिंकली ते मी विचारलं नाही. कपडे आवरताना त्याच्या खिशात शिवलेला कांदा सापडला, सुकून कागदासारखा झालेला.

परत छावणीत आलो. सुभेदारीणबाईंनी पन्ह्याच्या रिकाम्या बाटल्या माझ्या हातातून घेतल्या, मोजल्या, आणि दोन्ही गणूनंच प्यायल्या हे त्यांना माझ्या तोंडाकडं बघून समजलं. त्या आत गेल्या आणि आम्हाला जेवायला वाढलं. भाकरी होती.

स्टेशनावर वस्तादांनी चाकं पुन्हा ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि नळाचं पाणी आणून त्यांवर शिंपडलं. गणू बघत होता. मी बघत होते. शिंपडलं नसतं तर टायर खराब झाले असते.

किल्ला मी पाहिला का? गाडीतून दिसला, लांब आहे आणि उंच आहे. वर गेले नाही.

श्रीपतीच्या आईला मीच जाऊन सांगितलं. पाण्याचंही सांगितलं, माझ्या तोंडचा शब्दही सांगितला. ती मला पुन्हा दारात उभं करत नाही, आणि ते बरोबर आहे. वस्तादांनी शर्यती सोडल्या, दुकान चालवतात. मी पुन्हा बाळं चोळते.

गणू वाचला. तेच ऊन, तोच वारा, उलट सगळा वारा त्याच्याच छातीवर. त्याला पाणी पिऊ नको असं कुणी सांगितलं नव्हतं.